यात नर काय करतो?

आफ्रिकेत वाघ नसतो. ही गोष्ट मी सोसायटीच्या वॉचमनपासून थोरल्या साडूंपर्यंत सगळ्यांना सांगून झाली आहे. तरी मसाई माराहून परतल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "मग? वाघ दिसला का?" वाघ आशियात असतो, जगातले सगळ्यात जास्त वाघ आपल्याच देशात आहेत आणि ते बघायला ताडोबाला जायचं असतं, असं मी समजावतो. त्यावर समोरचा माझ्याकडे दयेनं बघतो. "अरेरे! म्हणजे एवढा खर्च करून वाघ नाहीच दिसला!" साडूंनी तर पाठीवर हात ठेवून सांत्वन केलं. "जाऊ द्या, पुढच्या वेळी दिसेल."

आमच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काहीतरी भव्य करायचं ठरलं होतं. बायकोची अट एकच होती. जिथे तिला सकाळी उठून चहा टाकावा लागणार नाही, असं कुठलंही ठिकाण चालेल. मुलानं केनिया सुचवलं. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास सेरेंगेटीतून बारा लाखांवर विल्डेबीस्ट चरत चरत उत्तरेला मारात येतात, ते आयुष्यात एकदा बघायलाच हवं, म्हणाला. बायको म्हणाली, "एवढ्या सगळ्यांना माझ्या हातचा चहा लागणार नसेल तर माझी हरकत नाही."

टूर कंपनीनं कपड्यांचं सूचनापत्र पाठवलं. निळा आणि काळा नको, त्सेत्से माशी त्या रंगांवर धावते. पांढरा नको, धुळीनं मळतो. भडक नको, प्राणी बिचकतात. उरले खाकी, राखाडी आणि मातकट. "म्हणजे रौप्यमहोत्सव मी चिखलाच्या रंगात साजरा करायचा," असं म्हणत बायकोनं पैठणी कपाटात परत ठेवली. मी मात्र या संधीची वाटच बघत होतो. मी एक सफारी जाकीट घेतलं. त्याला एकूण खिसे किती, हे मला अजून कळलेलं नाही. नैरोबी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपुढे पासपोर्ट शोधताना त्यातून चष्मा, दुसरा चष्मा, आल्याच्या वड्या, कानाचे थेंब आणि आमच्या लॉफ्टची हरवलेली किल्ली निघाली. पासपोर्ट बायकोच्या पर्समध्ये होता. तिनं तो माझ्या सगळ्या चेनी उघडून होईपर्यंत बाहेर काढला नाही. रांगेतल्या लोकांची करमणूक होत होती, म्हणाली.

खरी कसोटी पुढेच होती. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत, अभयारण्यांत पाण्याची एकदाच वापरायची प्लास्टिक बाटलीसुद्धा नेता येत नाही. आता मराठी माणसाच्या प्रवासी बॅगेतून प्लास्टिकच्या पिशव्या वजा केल्या तर काय उरतं? सुटा चिवडा. पण बायकोनं हार मानली नाही. माझे जुने लेंगे उसवून तिनं पिशव्या शिवल्या, नाड्यांसकट. बांधायला बऱ्या पडतात म्हणे. कस्टमच्या साहेबानं आमची बॅग उघडली आणि पहिली नाडी ओढली. आतून पिवळी पूड निघाली. त्यानं वास घेतला, सणसणीत शिंकला आणि सहकाऱ्याला बोलावलं. तोही शिंकला.

"हे काय आहे?"

"मेतकूट," बायको म्हणाली.

"औषध?"

"हो. मऊ भातावर घ्यायचं."

दोघांनी आपापसात काही चर्चा केली आणि ज्या अदबीनं ती नाडी पुन्हा बांधली, तेवढ्या अदबीनं ती मी कधी बांधली नव्हती.

नैरोबीहून मारा गाडीनं पाच-सहा तास. आमच्या लँड क्रूझरमध्ये आणखी दोन जोडपी होती. नाशिकचे एक निवृत्त बँक मॅनेजर आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि ठाण्याचं एक नवविवाहित जोडपं. त्या जोडप्याला आपण आफ्रिकेत आहोत की आंबोलीत, याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. वाटेत ग्रेट रिफ्ट व्हॅलीचा कडा आला. हजारो किलोमीटर लांबीची ही खचदरी पृथ्वीचं कवच ताणलं जाऊन तयार झाली, असं चालक-गाईड सांगत होता. त्या कड्यावरून मॅनेजरसाहेबांनी बँकेच्या ग्रुपवर 'गुड मॉर्निंग' पाठवलं. खालच्या वळणावर दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी 1942 साली बांधलेलं एक चिमुकलं चर्च आहे. ते बघून साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "इथे बाथरूम असेल का?" या माणसाच्या मूत्राशयाचा पुढे आमच्या नशिबावर काय परिणाम होणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

नारोक सोडल्यावर पुढे कच्चा रस्ता लागला. गाईड म्हणाला, "आता आफ्रिकन मसाज, फुकट!" हा विनोद तिथला प्रत्येक चालक करतो आणि प्रत्येक गाडीत एक तरी माणूस मनापासून हसतो. आमच्या गाडीत तो मी होतो. पहिल्या पाच मिनिटांपुरता.

आणखी एक. आफ्रिका म्हणजे ऊन, हे मी भूगोलाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून शिकलो होतो. मारा विषुववृत्ताला अगदी खेटून असलं तरी समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरच्या वर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा उंच आहे. ऑगस्टमधल्या पहाटे, टप उचललेल्या उघड्या गाडीत, एवढ्या खिशांच्या जाकिटात ऊब देणारा एकही खिसा नाही हे मला समजलं. बायकोनं पर्समधून माझी माकडटोपी काढली. माझे आफ्रिकेतले एकूण एक फोटो त्या माकडटोपीत आहेत.

पहिल्या सकाळी झेब्रा दिसला. आम्ही सगळे उभे राहिलो, ओरडलो, एकमेकांच्या अंगावरून वाकलो. त्या झेब्र्याचे पुढून, मागून आणि बाजूनं फोटो निघाले. दुसऱ्या सकाळी झेब्रे रस्त्यात आडवे आले तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, "हॉर्न द्या ना."

साहेबांजवळ एक डायरी होती. तिच्यात पाच रकाने होते: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा. हे 'बिग फाइव्ह'. पूर्वीच्या गोऱ्या शिकाऱ्यांनी पायी मारायला सगळ्यांत धोक्याचे म्हणून या पाच जणांची निवड केली होती. केनियानं 1977 साली शिकारीवर बंदी घातली, पण यादी काही बंद केली नाही. बंदुका गेल्या आणि मॅनेजरसाहेब आले. हत्ती दिसला, टिक. रानरेडा दिसला, टिक. टिक झालेल्या प्राण्याकडे पुन्हा बघणं त्यांना दुबार नोंदीचा प्रकार वाटे. उंच माना हलवत जिराफांचं अख्खं कुटुंब शेजारून गेलं, तर साहेब म्हणाले, "हे पाचात नाहीत."

त्यांचा हिशेबही पक्का होता. जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला मारात माणशी रोजचे 200 डॉलर प्रवेशशुल्क पडतं, आणि तिथला दिवस सकाळी सहाला उगवून संध्याकाळी सहाला मावळतो. म्हणजे जोडप्याला तासाला तेहतीस डॉलर आणि वर सुटे.

आणि मग रेडिओ खरखरला. चालक स्वाहिलीत दोन वाक्यं बोलला, "धरून बसा" म्हणाला आणि त्यानं गाडी जी सोडली, ती एका झुडपापाशी नेऊन थांबवली. तिथे आधीच रांग होती. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, असा नियम आहे. नंबर आला. झुडपाखाली सिंह होता. चारी पाय वर, पोट आभाळाकडे, तोंड अर्धवट उघडं.

"हा मेलाय का?" वहिनींनी विचारलं.

"झोपलाय," गाईड म्हणाला.

"किती वेळ झोपतो?"

"अठरा तास. कधी वीस."

माझी बायको काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. वहिनींनी साहेबांकडे बघितलं. ठाण्याच्या मुलीच्या अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती, पण तिनंही एकदा नवऱ्याकडे बघून घेतलं.

"मग शिकार कोण करतं?" बायकोनं विचारलं.

"बहुतेक वेळा सिंहिणी."

"आणि आधी जेवतं कोण?"

"सिंह आला की तोच."

"तासाला तेहतीस डॉलर देऊन झोपलेला प्राणी बघायचा?" मॅनेजरसाहेब घाईनं म्हणाले. "झोपलेली माणसं मी ब्रँचमध्ये फुकट बघायचो. चला पुढे!" पण उशीर झाला होता. गाडीतल्या तिन्ही बायकांची युनियन त्या झुडपापाशी स्थापन झाली आणि पुढे जो प्राणी दिसेल त्याच्याबद्दल गाईडला एकच प्रश्न जाऊ लागला, "यात नर काय करतो?"

मसाई माराच्या प्राणिसृष्टीनं आम्हा पुरुषांची जी अब्रू घालवली, तिला तोड नाही. हत्तींच्या कळपापुढे गाडी थांबली. यात नर काय करतो? काही नाही, वयात आला की कळप सोडून जातो. घर चालवते ती सगळ्यांत वयस्क हत्तीण, पाणी कुठे मिळेल ते तिलाच आठवतं. बायको म्हणाली, "आमच्या घरात गिझरचं बटण कुठलं, तेही मलाच आठवतं." चित्त्याची मादी चार पिल्लांना घेऊन उंचवट्यावर बसली होती. यात नर? भाऊ-भाऊ मिळून फिरतात, पिल्लं एकटी आई वाढवते. "मित्रांबरोबर ट्रेकला जात असतील," वहिनी म्हणाल्या. तरसांत तर माद्या अंगानं मोठ्या, हुकूम त्यांचाच, आणि बाहेरून आलेल्या नराचा मान पिल्लांच्याही खाली. जेवायलाही शेवटी. हे ऐकून ठाण्याचा मुलगा प्रथमच बायकोचा हात सोडून सावरून बसला.

वारुळावर एक टोपी नावाचं हरीण तासभर निश्चल उभं होतं. हा नर काय करतोय? "आपला इलाखा आहे हे सगळ्यांना दाखवतोय." "म्हणजे गॅलरीत उभा आहे," बायकोनं त्याची नोंद करून टाकली.

मी इंपालावर आशा लावून होतो. एक शिंगवाला नर, भोवती वीस-पंचवीस माद्या. मी जरा ताठ बसलो. गाईड म्हणाला, याला दिवसभर माद्यांना गोळा करत पळावं लागतं, दुसऱ्या नरांना हाकलावं लागतं, धड चरायलाही मिळत नाही. मग तो वाळतो आणि एक दिवस कडेला उभा असलेला ताजातवाना नर येऊन त्याला हुसकावून देतो. मी पुन्हा नेहमीसारखा बसलो. पुढच्या बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबत होती. नर एकेक काडी आणून घरटं विणतो, मादी येते, आत डोकावते, दोन-चार काड्या ओढून बघते आणि पसंत नसेल तर निघून जाते. त्या झाडाखालून गाडी हलवू नका, असं तिन्ही बायकांनी सांगितलं. साहेबांनीही या वेळी डॉलर काढले नाहीत. नाशिकला त्यांच्या फ्लॅटच्या किचनचं काम दोनदा तोडून झालं होतं, ते तेव्हा कळलं.

शेवटी शहामृग मदतीला आलं. अंडी उबवायला दिवसा राखाडी मादी बसते आणि रात्रभर काळा नर बसतो, अंधारात दिसू नये म्हणून. "रात्रभर?" मी मोठ्यांदा विचारलं. "रात्रभर," गाईड म्हणाला. त्या दिवशी मी शहामृगाबद्दल जेवढं बोललो तेवढं कुठल्याही पक्ष्याबद्दल कधी बोललो नसेन. रात्री झोपताना बायको म्हणाली, "अहो, आता पुरे. चिरंजीव लहान होते तेव्हा रात्री कोण जागायचं, ते शहामृगाला नाही, मला ठाऊक आहे."

आमचा मुक्काम तंबूत होता. तंबूत पलंग, गालिचा आणि चोवीस तासांतले ठरावीक तास गरम पाणी. कुंपण मात्र नाही. अंधार पडला की एकट्यानं बाहेर पडायचं नाही, भालेवाला मसाई पहारेकरी जेवायला नेतो आणि आणून सोडतो. अडचण आली तर वाजवायला उशाशी शिट्टी. पहिल्या रात्री मी चादरीत पाय घातला आणि माझ्या तळव्याला काहीतरी लागलं. गरम. मऊ. केसाळ. मी पलंगावरून जी उडी मारली ती पाहून कुठल्याही इंपालानं माझ्याशी सोयरीक केली असती. शिट्टी वाजवली. पहारेकरी धावत आला. त्यानं भाल्याच्या टोकानं हलकेच पांघरूण उचललं. आत लोकरी खोळ घातलेली गरम पाण्याची रबरी पिशवी होती. कॅम्पातली माणसं थंडीचं म्हणून रोज संध्याकाळी ती पांघरुणात ठेवतात. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बायको तसलीच पिशवी कमरेशी घेऊन सुखानं पडली होती. "अहो, किती विचार करतात ना ही माणसं," ती म्हणाली. पहारेकऱ्यानं चेहरा सरळ ठेवला. तंबूपासून पंधरा पावलं जाईपर्यंत.

झोप उडालीच होती. बाहेर कचाकच गवत तुटल्याचा आवाज येत होता. पाणघोडा. दिवसभर नदीत डुंबतो आणि रात्री वर येऊन पस्तीस-चाळीस किलो गवत खातो. मी कुजबुजत ही माहिती दिली तेव्हा बायको म्हणाली, "निदान जेवताना बोलत तरी नाही." मी टॉर्च लावून पुस्तक उघडलं. निघताना मुद्दाम घेतलं होतं, कर्नल पॅटरसनचं 1907 सालचं त्सावोच्या नरभक्षकांवरचं. 1898 साली ब्रिटिश लोक रेल्वे बांधत होते, कामावर हिंदुस्थानातून नेलेले मजूर होते, आणि त्सावो नदीच्या पुलापाशी दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून नेत. तंबूत! पॅटरसननं बळींचा आकडा 135 सांगितला, अलीकडच्या अभ्यासकांना तो पस्तीसच्या आसपास वाटतो. दोन्ही आकडे मला त्या वेळी सारखेच वाटले. त्सावो इथून शेकडो किलोमीटर लांब आहे आणि ते दोन्ही सिंह पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत, हे मी स्वतःला समजावत होतो.

"पण माणसंच का खायचे?" अंधारातून प्रश्न आला.

"एकाचा दात दुखत असावा, असं म्हणतात. सुळ्याच्या मुळाशी गळू झालं होतं. मोठी शिकार चावणं जमत नसेल."

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "मागच्या वर्षी तुमच्या रूट कॅनालच्या वेळी तुम्ही काय कमी माणसं खाल्लीत?"

नदीचा दिवस उजाडला. त्यासाठीच तर सगळे येतात. मारा नदीच्या काठावर हजारो विल्डेबीस्ट जमले होते, पाण्यात मगरी होत्या आणि आमच्यासकट सगळ्या गाड्या लांब झुडपांआड दबा धरून होत्या. विल्डेबीस्टचं गणित सोपं आहे. एक उतरला की सगळे उतरतात. पण तो एक कोण? लग्नाच्या बुफेत सगळे भुकेले असतात, पण पहिली प्लेट उचलायला कुणी धजत नाही, तसला प्रकार. एक पुढे यायचा, पाणी हुंगायचा, मागच्याकडे बघायचा आणि 'तुमचं चालू द्या' अशा चेहऱ्यानं बाजूला व्हायचा. एक झेब्रा मोठ्या अधिकारानं पुढे आला. आता हा नेतृत्व करणार म्हणून कॅमेरे वर झाले. त्यानं पाहणी केली आणि तो परत गेला. पाहणी करून परत जाणारं नेतृत्व बघायला इतक्या लांब यायची गरज नव्हती, असं मी म्हणालो, पण कुणी हसलं नाही. ऊन चढलं होतं.

"अरे उतर!" मॅनेजरसाहेब दबक्या आवाजात खेकसले. "मागे लाइन बघ केवढी झालीय!"

"नका ना जाऊ," ठाण्याची मुलगी डोळे पुसत म्हणाली. "त्यांना कुणीतरी परत पाठवा ना."

"यात नर..." बायकोनं सुरुवात केली.

"यात सगळेच घाबरतात," गाईड घाईनं म्हणाला.

तास गेले. गाडीतून उतरायला बंदी. आणि साहेबांनी सकाळच्या थंडीला भरपूर चहा घेतलेला. ते आधी या कुशीवर झाले, मग त्या कुशीवर. वहिनी म्हणाल्या, "मी सांगत होते." साहेब म्हणाले, तासाला तेहतीस डॉलर चाललेत, मी काही हलणार नाही. मग ते गप्प झाले. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला. शेवटी गाडीत मतदान झालं आणि गाईडनं गाडी टेकाडामागे सुरक्षित जागी नेली. 'टायर तपासायला जाणे' असं याला तिथे म्हणतात. साहेब टायर तपासत असतानाच टेकाडापलीकडून गडगडाट ऐकू आला. जमीन हादरली. परत येऊन बघतो तो आभाळभर धूळ आणि पलीकडचा काठ चढणारी शेवटची चार शेपटं.

कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळानं साहेबांनी डायरी उघडली. "आवाज तर ऐकला आपण," ते म्हणाले. "धूळही नाकात गेली." थोडा विचार करून त्यांनी अर्धी टिक केली. ऑडिटला चालते, म्हणाले. गाईडनं सांत्वन म्हणून सांगितलं की पलीकडे चारा-पाणी मनासारखं नसेल तर हेच कळप एक-दोन दिवसांत पुन्हा अलीकडे येतात, पुन्हा त्याच मगरींमधून. "मग गेले कशाला?" वहिनींनी विचारलं. गाईडनं खांदे उडवले.

खरी हिंस्र श्वापदं रात्रीच्या जेवणाला भेटतात. सूप यायच्या आधी शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "आज काय पाहिलंत?" हा प्रश्न माहितीसाठी नसतो. आपण "सिंह" म्हणायचं, की ते "फक्त झोपलेला?" म्हणतात. आपण चित्ता काढला की ते शिकार करणारा चित्ता काढतात. "आम्ही नाश्त्याच्या आधी दोन क्रॉसिंग बघितली, तुमची गाडी टेकाडामागे का गेली होती?" असं एका गृहस्थांनी विचारलं तेव्हा आमच्या टेबलावर इतकी शांतता पसरली की चमचे ऐकू आले. मी शेवटचं अस्त्र म्हणून तंबूतल्या श्वापदाची गोष्ट सुरू केली. ते तरसाएवढं झालं होतं, एवढ्यात बायको वरण वाढता वाढता म्हणाली, "रबरी पिशवी होती."

आता बिबट्या. पुरुषांनी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. बिबट्याला स्वाहिलीत 'चुई' म्हणतात हे पाठ करून मॅनेजरसाहेब रेडिओला कान लावून बसत आणि 'चुई' ऐकू आलं की ओरडत. कंटाळून चालक लोक रेडिओवर मसाईंच्या मा भाषेत बोलू लागले. मी मात्र तयारीत होतो. या सहलीसाठी मी एक 600 मिलिमीटरची लेन्स घेतली होती. ती कितीला पडली हे या लेखात सांगत नाही, कारण बायको हा लेख वाचणार आहे. ही लेन्स इतकी ताकदवान की तिच्यात हत्ती मावत नाही. हत्तीची पापणी मावते. माझ्याकडे आज सिंहाच्या नाकपुडीचे, झेब्र्याच्या तिसऱ्या पट्ट्याचे आणि जिराफाच्या गुडघ्याचे जगात कुणाकडे नसतील असे फोटो आहेत. जिराफाचा गुडघा आहे हे मला सांगावं लागतं.

शेवटच्या सकाळी एका झाडाखाली गाडी थांबवून आम्ही तिघे पुरुष नकाशावर भांडत होतो. बायको वर बघत होती.

"अहो, ही शेपटी कुणाची?"

डोक्यावर दहा फुटांवर बिबट्या फांदीवर पसरला होता. मादी. मी लेन्स रोखली. इतक्या जवळचं तिला दिसतच नाही. घर्र घर्र करत ती फोकस शोधत राहिली. बायकोनं फोन वर धरला आणि एकदाच बोट टेकलं. आख्खा बिबट्या, डोळ्यांतल्या चमकेसकट, आणि खालच्या कोपऱ्यात एक माकडटोपी.

"यात नर काय करतो?" तिन्ही बायकांनी एका सुरात विचारलं.

"एकटा फिरतो," गाईड म्हणाला.

"आणि?"

"आणि काही नाही."

जाता जाता मसाई वस्तीवर गेलो. लाल शुका पांघरलेले उंच तरुण जागच्या जागी उड्या मारत नाचले. पाहुण्यांनाही ओढतात. माझ्या गुडघ्यांनी जागा सोडायला नकार दिला, जाकिटाच्या खिशांतल्या वस्तूंनी मात्र सोडली. मसाईंमध्ये नवऱ्यामुलाकडून वधूपित्याला गाई द्याव्या लागतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी इंग्रजी जाणणाऱ्या नातवामार्फत मला विचारलं, "हिच्यासाठी किती गाई दिल्या?"

मी म्हणालो, आमच्यात तशी पद्धत नाही.

"एकही नाही?"

"एक शेळीसुद्धा नाही," बायको म्हणाली.

म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि नातवाला काहीतरी सांगितलं. नातवानं भाषांतर करायचं टाळलं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्या आणि तिचं पिवळं कार्ड जपून ठेवा. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच देशात विलगीकरणात बसवतात. नदीकाठी जायच्या दिवशी सकाळचा चहा एकच कप घ्या. आणि 600 मिलिमीटरची लेन्स हवी असेल तर माझ्याकडे एक आहे, जवळजवळ नवी. किंमत बोलून ठरवू, फक्त फोन दुपारी करा. तेव्हा बायको झोपलेली असते.